माटोळी सर्व्हर: नाव सापडत नाही, त्याच्या नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला आहे, त्यामुळे ब्रेकडाऊन रजिस्टर लिहायची सवय. मशीन कधी थांबलं, लक्षण काय, काय करून पाहिलं, कशाने फरक पडला नाही. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा, कारण पुढच्या पाळीचा माणूस तीच चूक परत करत नाही. घरच्या सर्व्हरसाठी अशी वही ठेवली नव्हती. आज तिसऱ्यांदा तोच स्क्रू फिरवतोय असं वाटलं म्हणून सुरू केली.

मांडणी अशी. फोंड्यातला फ्लॅट, फायबरचं कनेक्शन, कंपनीनेच दिलेला राउटर. जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू सर्व्हर २४.०४, त्यावर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारा), डॉकरमध्ये जेलीफिन, घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारा. फाइली एका जुन्या दोन डिस्कवाल्या डब्यात, त्याचं नाव कोठार. सर्व्हरचं नाव माटोळी, गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट असते ती. सगळं त्यालाच टांगलेलं आहे म्हणून. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (पुढे नुसता पाय) पाय-होल, म्हणजे जाहिराती अडवणारा घरचा डीएनएस, नावावरून आकड्यांचा पत्ता सांगणारा; आणि त्याच्या मागे बाहेरची नावं शोधणारा अनबाउंड. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी नावाचा पत्ता पायला विचारायचा आणि पायने बाहेर जाऊन शोधून आणायचा. माटोळी आणि राउटर यूपीएसवर आहेत. पाय यूपीएसवर नाही, त्याला टीव्हीमागचा साधा प्लग.

आत काय आहे तेही लिहून ठेवतो, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी असं कुणीही विचारेल. बाबा तरुणपणी गावच्या जत्रेतल्या नाटकांत काम करायचे. त्यांतल्या चार प्रयोगांच्या व्हीएचएस टेप होत्या, एकीवर बुरशीची पांढरी नक्षी उमटलेली. त्या गेल्या वर्षी मी डिजिटल करून घेतल्या. शिवाय चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरत्या, आजीने म्हटलेल्या फुगड्या, लग्नांच्या सीडी. बाबा रात्री जेवण झाल्यावर टीव्हीवर १९९४ सालचा प्रयोग लावतात आणि स्वतःचे संवाद स्वतःच पुढे म्हणतात.

लक्षण: आज बाबांनी हाक मारली, "अरे, ते नाटक लागत नाही रे." टीव्हीवर माटोळी.लोकल उघडत नाही. त्याच वेळी बायकोच्या आयफोनवर उघडतं. टीव्हीवर आकड्यांचा पत्ता, १९२.१६८.१.२०, पुढे ८०९६ हा पोर्ट घातला की लगेच उघडतं.

म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, वायर जिवंत आहे, फक्त नाव सापडत नाही. बाबांची सोय म्हणून तो आकडा कागदावर लिहून टीव्हीच्या कडेला चिकटवला. तात्पुरता.

रविवार, १५ जून

रात्रभर पाऊस. वायर जिवंत आहे असं कालच लिहिलं होतं, तरी मेंटेनन्सवाल्याचा हात आधी वायरीकडेच जातो. कोठारच्या केबलचं टोक काढून पाहिलं तर पिनांवर हिरवट थर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काहीही उघडं ठेवलं की असंच. टोक कापून नवीन क्रिम्प केलं. केबलला बरं वाटलं असेल. नावाच्या तक्रारीत शून्य फरक.

शनिवार, २१ जून

आज .लोकलचा छडा लागला.

.लोकल हे शेपूट डीएनएससाठी नाहीच. ते एमडीएनएससाठी राखून ठेवलं आहे; आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ६७६२, फेब्रुवारी २०१३. एमडीएनएसमध्ये कुणी नोंदवही सांभाळत नाही. उपकरण सगळ्या घराला एकदम ओरडून विचारतं, २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, पोर्ट ५३५३ वर: "माटोळी कोण?" आणि माटोळी स्वतः ओ देते. ॲपलच्या वस्तूंत हे बॉनजूर नावाने मुरलेलं आहे, लिनक्सवर अवाही ते करतो. आमच्या जुन्या टीव्हीला ही बोली कळत नाही. तो सरळ डीएनएसला विचारतो.

मग मी काय केलं होतं? टीव्हीला कळावं म्हणून पाय-होलमध्येही माटोळी.लोकल अशी नोंद घालून ठेवली होती. एकाच नावाची दोन दुकानं. टीव्ही तरी कधी चाले, कधी नाही, आणि लॅपटॉप तर वेगळ्याच पद्धतीने रुसला. लॅपटॉपवर 'डिग' (नाव तपासायची आज्ञा) चालवला की पाय-होलचं अचूक उत्तर येई, ब्राउझर मात्र "असं काही नाही" म्हणे. अर्धा तास मी ब्राउझरला शिव्या घातल्या.

कारण नंतर कळलं, आणि ते वहीत ठळक लिहिण्यासारखं आहे. 'डिग' हा थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो. ब्राउझर आणि बाकीचे प्रोग्राम मात्र आधी एनएसस्विच.कॉन्फ या फाइलीतल्या क्रमाने जातात: होस्ट्स फाइल, मग एमडीएनएस, मग डीएनएस. त्या ओळीत एमडीएनएसच्या पुढे कंसात एक अट असते, की .लोकल तिथे सापडलं नाही तर पुढे जायचंच नाही, तिथूनच परत फिरायचं. लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये पोर्ट ५३५३ मीच कधीतरी बंद केला होता. म्हणजे माटोळीची ओ ऐकू येत नाही आणि डीएनएसपर्यंत जायला बंदी. अशा वेळी तपासायला 'डिग' नको, 'गेटेंट होस्ट्स' हवा; तो प्रोग्राम जातात त्याच वाटेने जातो.

आतापर्यंत मी "नाव लागतं का" एवढंच बघत होतो. विचारायला हवं होतं, "हे उत्तर दिलं कोणी?" गावात नवखा माणूस परबांचं घर विचारतो तेव्हा तो कुणाला विचारतो त्यावर सगळं ठरतं. पारावरचा म्हातारा एका परबाकडे पाठवील, पोस्टमन दुसऱ्याकडे, आणि दोघेही खरं बोलत असतील.

ठरलं: .लोकल बंद. घरगुती नावांसाठी राखलेलं शेपूट होम.आर्पा आहे, आरएफसी ८३७५, २०१८ सालचं. .इंटरनल हेही २०२४ मध्ये, इंटरनेटच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने खासगी वापराला राखून ठेवलं, आणि ते दिसायला बरं आहे. पण होम.आर्पाला सात वर्षं झाली, म्हणून तेच घेतलं. आर्पा म्हणजे काय असं मुलीने विचारलं. अमेरिकेच्या ज्या संस्थेच्या पैशावर आर्पानेट उभं राहिलं तिचं नाव, असं सांगितलं. "मग आपल्या घराला कशाला?" याला उत्तर नाही.

एक मोह टाळला तोही नोंदवतो: प्रत्येक यंत्राच्या होस्ट्स फाइलीत नावं लिहून मोकळं व्हावं. सगळ्या इंटरनेटचं एके काळी असंच चाले, एकच होस्ट्स.टीएक्सटी फाइल, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळलेली, आणि सगळ्यांनी ती उतरवून घ्यायची. ते आवाक्याबाहेर गेलं म्हणूनच १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. आमच्याकडे यंत्रं नऊच आहेत, फाइल पुरली असती. पण टीव्हीत होस्ट्स फाइल उघडायची कुठून?

शनिवार, २८ जून

नवीन नावं चालू. टीव्हीवर माटोळी.होम.आर्पा उघडतं. कागद अजून काढलेला नाही.

पण जेलीफिन चित्रपटांची पोस्टरं आणि माहिती आणत नाही. लॉगमध्ये "टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन". माटोळीवर बाहेरून सगळं व्यवस्थित, कंटेनरच्या आत गेलं की आंधळं.

कंटेनरच्या आत डीएनएसचा पत्ता लिहिलेली रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल उघडली तर १२७.०.०.११. हा डॉकरचा स्वतःचा छोटा डीएनएस. आपण बनवलेल्या नेटवर्कवरच्या कंटेनरांना तो मिळतो; शेजारच्या कंटेनरांची नावं तो स्वतः सांगतो आणि बाहेरची नावं यजमानाच्या, म्हणजे माटोळीच्या, डीएनएसकडे पाठवतो. पण यजमानाचा डीएनएस कोणता, हे तो कंटेनर सुरू होताना बघून ठेवतो. मी गेल्या आठवड्यात माटोळीचं सेटिंग बदललं, कंटेनर मात्र एकवीस दिवस अखंड चालू. तो अजून जुन्याच पत्त्यावर विचारत बसलेला, जिथे आता कोणी राहत नाही.

कंटेनर रीस्टार्ट. पोस्टरं आली. चार मिनिटांचं काम, शोधायला अडीच तास.

कोठारचंही बघितलं. त्यात कुठलंही नाव सापडायला बरोबर ५ सेकंद लागत होते. बरोबर ५ हा आकडा दिसला की संशय एकच: यादीतला पहिला डीएनएस मेलेला आहे. लिनक्सची ग्लिबसी ही मूळ लायब्ररी पहिल्याला ५ सेकंद संधी देते, मग दुसऱ्याकडे वळते. पहिल्या जागी दोन वर्षांपूर्वीच्या राउटरचा पत्ता निघाला. पुसला.

शनिवार, ५ जुलै

हा आठवडा लायट येण्याजाण्याचा. दर वेळी दोन-तीन मिनिटं. आणि दर वेळी नंतर बाबांची हाक. नाटकाचं पोस्टर दिसतं, लावलं की "चालवता येत नाही".

पोस्टर माटोळीच्या डिस्कवर, नाटकाची फाइल कोठारात. माटोळी कोठाराला नावाने जोडते, आणि जोडणी कायमची ठेवत नाही. वापर नसला की सोडते, लागली की परत जोडते. परत जोडताना नाव विचारावं लागतं, आणि तिथे कोठार.होम.आर्पा सापडत नव्हतं. इंटरनेट मात्र खणखणीत. आधी पायवर संशय घेतला, पण पाय-होल पूर्ण ताजातवाना, लॅपटॉपच्या सगळ्या प्रश्नांना उत्तर देतोय. माटोळीवर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' चालवलं. "सध्याचा डीएनएस सर्व्हर" या ओळीपुढे ८.८.८.८.

हा माझाच पराक्रम. सेटिंगमध्ये पहिला डीएनएस पाय, आणि "असावा एक राखीव" म्हणून दुसरा गूगलचा. मला वाटायचं की दुसरा म्हणजे स्टेपनी. पंक्चर झालं तर लावायची, पंक्चर निघालं की काढायची. माटोळीवर नावं शोधणारा सिस्टिमडी-रिझॉल्व्हड असं वागत नाही. पहिला एकदा उत्तर द्यायला चुकला की तो दुसऱ्याकडे जातो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. दुसरा अडखळेपर्यंत पहिल्याची आठवण काढत नाही.

आता साखळी बघा. लायट जाते. माटोळी आणि राउटर यूपीएसवर, ते चालूच. पाय साध्या प्लगवर, तो बंद. त्या तीन मिनिटांत माटोळी काहीतरी विचारते, उत्तर येत नाही, ती ८.८.८.८ कडे सरकते. लायट येते, पाय उठतो, पण माटोळी परत वळत नाही. आणि गूगलला आमचं कोठार कसं माहीत असणार? तो प्रामाणिकपणे सांगतो की असं नाव जगात नाही. "नाही" हेही उत्तरच. सर्व्हर अडखळला असं ते धरलं जात नाही. म्हणून माटोळी समाधानी आणि बाबा उपाशी.

म्हणजे दोन्ही डीएनएसना सारखंच माहीत असेल तरच दोन ठेवण्यात अर्थ. एकाला घर माहीत आणि दुसऱ्याला नाही, तर तो दुसरा कामाला येत नाही, गोंधळ वाढवतो. ८.८.८.८ काढला. पायचा प्लग यूपीएसवर आणला. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, पण यूपीएसच्या मागे हात घालायचा कंटाळा.

रविवार, ६ जुलै

मुद्दाम मेन स्विच पाडला, पाच मिनिटं. बायकोचा मिक्सर थांबला. वाटप अर्धवट. लायट आल्यावर नाटक पहिल्या झटक्यात लागलं.

रविवार, १३ जुलै

फोनची तक्रार. वायफायवर असताना मुलीच्या अँड्रॉइड फोनवर माटोळी.होम.आर्पा दहातून सात वेळा लागत नाही. पाय-होलच्या प्रश्नांच्या यादीत तिच्या फोनचं नावच क्वचित. म्हणजे फोन दुसऱ्याच कुणाला विचारतो आहे.

फोनच्या वायफायच्या तपशिलात डीएनएसच्या दोन ओळी. एक पायची. दुसरी एफई८० ने सुरू होणारी, आयपीव्ही६ म्हणजे नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीची. ती राउटरची. मी राउटरमध्ये यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीला "डीएनएस म्हणून पाय सांग" असं बजावलं होतं, आणि तो तसं सांगतही होता, पण ते आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीपुरतं. आयपीव्ही६ मध्ये राउटर थोड्या थोड्या वेळाने घरभर घोषणा करतो, आणि त्याच घोषणेत डीएनएसचा पत्ताही घालू शकतो (आरएफसी ८१०६). हा राउटर तिथे स्वतःचाच पत्ता घालतो. पुढच्या दाराला कुलूप लावून मी मागचं उघडं ठेवलं होतं.

राउटरच्या पानांवर ही घोषणा बदलायची जागाच नाही. कनेक्शनवाल्यांना फोन केला. मुलगा आला, चांगला होता, चहा घेतला, दिवे बघितले आणि म्हणाला, "पात्रांव, राउटर एकदां बंद करून चालू करात." आयपीव्ही६ची घोषणा हे शब्द मी उच्चारले तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्याच नजरेने मी कारखान्यात ऑडिटरकडे बघतो.

मुलीच्या फोनवर आणखी एक गाठ होती. सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएसमध्ये कुठल्यातरी जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं नाव घातलेलं. ते चालू असलं की फोन सगळे प्रश्न कुलूपबंद करून पोर्ट ८५३ वरून थेट बाहेर पाठवतो, घरच्याला विचारतच नाही. "पप्पा, जाहिराती येत नाहीत म्हणून मैत्रिणीने लावून दिलं." घरी पाय-होल तेच करतो हे तिला आज पहिल्यांदा कळलं. दोन वर्षं आमच्याच घरात बसलेला बिचारा.

शनिवार, २६ जुलै

स्वतःचा राउटर आणला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर चढवलं, कंपनीच्या राउटरमागे बसवला. आता घरचे पत्ते १९२.१६८.१० मधले: राउटर १, पाय २, माटोळी २०. आयपीव्ही६च्या घोषणेत पायचा पत्ता घातला. फोन सुधारले.

आणि घरची नावं परत गेली! आयपीव्ही४ वरून विचारणाऱ्या सगळ्या यंत्रांवर, एकदम.

या वेळी शोधायला दहाच मिनिटं लागली, कारण प्रश्न आता ठरलेला: उत्तर कोणी दिलं? मी घाईत आयपीव्ही४ वर यंत्रांना डीएनएस म्हणून नवा राउटरच दिला होता, आणि राउटरला सांगितलं होतं की तू पायला विचार. राउटरमधला डीएनएस सांभाळणाऱ्या डीएनएसमास्कच्या लॉगमध्ये "पॉसिबल डीएनएस-रीबाइंड अटॅक" अशा ओळींची रांग. हे संरक्षण ओपनडब्ल्यूआरटीत मुळातच चालू असतं. बाहेरच्या डीएनएसने एखाद्या नावासाठी घराच्या आतला पत्ता, १९२.१६८ वगैरे, सांगितला तर तो डाव समजून उत्तर फेकून द्यायचं. योग्यच आहे, एखाद्या दुष्ट वेबसाइटने तुमच्या ब्राउझरला तुमच्याच राउटरकडे वळवू नये म्हणून. पण राउटरच्या दृष्टीने पायही परकाच. होम.आर्पाला त्यातून सूट दिली, आणि मग यंत्रांना थेट पायचा पत्ता देऊन तो मधला टप्पाच काढून टाकला.

टीव्हीला लावलेली कास्टिंगची कांडी मात्र कुणाचंच ऐकत नाही. तिच्यात ८.८.८.८ पक्कं कोरलेलं. फोनवरून नाटक टीव्हीवर पाठवलं की फोन फक्त "या नावाकडून घे" एवढं सांगतो आणि नाव शोधायचं काम कांडी स्वतः करते, गूगलला विचारून. राउटरमध्ये नियम घातला: घरातून पोर्ट ५३ वर जो कुणी बाहेर विचारेल, त्याला गुपचूप पायकडे वळव, पाय स्वतः सोडून. तो अपवाद आधी विसरलो होतो. पायचे प्रश्न फिरून पायकडेच, गोल गोल. हसून घेतलं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या चवथ. दर वर्षीप्रमाणे फ्लॅटला कुलूप आणि सगळे सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी, पाच दिवसांचा गणपती. सगळी यंत्रं रीतसर शटडाऊन करून मेन स्विच पाडला. महिनाभर एकही तक्रार नाही. वही बंद करायला हरकत नाही असं लिहिणार होतो.

सोमवार, १ सप्टेंबर

काल विसर्जन. आज उसगावमार्गे संध्याकाळी फोंड्यात. पिशवीत उरलेल्या नेवऱ्या (करंज्या) आणि फोनमध्ये घुमट आरतीचे दोन तासांचे व्हिडिओ. चुलतभावाच्या मुलाने यंदा पहिल्यांदा घुमट धरला. बाबांना ते आजच टीव्हीवर बघायचं होतं.

मेन स्विच वर. सगळे दिवे हिरवे. इंटरनेट नाही. माटोळी.होम.आर्पा मात्र लागतं! जुलैच्या बरोब्बर उलटं: तेव्हा घर हरवलं होतं आणि जग सापडत होतं, आता घर आहे आणि जग नाही.

८.८.८.८ ला पिंग जातो, म्हणजे फायबर निर्दोष. घरची नावं पाय-होल स्वतःच्या वहीतून सांगतो, म्हणून ती चालू. बाहेरची नावं तो त्याच पायवरच्या अनबाउंडला विचारतो, पोर्ट ५३३५ वर. (५३३५ अनबाउंड, ५३५३ एमडीएनएस. हे आकडे मी दोनदा उलटे लिहिलेत.) अनबाउंडला थेट विचारलं: सर्व्हफेल, म्हणजे उत्तर देता येत नाही. कुठलंही नाव घ्या, सर्व्हफेल. मग 'डिग'ला +सीडी हा पर्याय जोडला, म्हणजे "सही तपासू नकोस, नुसतं उत्तर दे". उत्तर लगेच आलं.

म्हणजे नाव सापडतं आहे, पण उत्तर अस्सल असल्याची डिजिटल सही (या पद्धतीला डीएनएससेक म्हणतात) पटत नाही. लॉगमध्ये "सिग्नेचर बिफोर इन्सेप्शन डेट". सहीची मुदत अजून सुरूच झालेली नाही. भविष्यातली सही? मग तारीख बघितली. पाय म्हणत होता: मंगळवार, २६ ऑगस्ट.

पाय ४ मध्ये घड्याळाचा सेलच नसतो. साध्या संगणकात असतो तो नाण्याएवढा, तो नाही. बंद होताना शेवटची वेळ एका फाइलीत लिहून ठेवायची आणि उठल्यावर तिथून पुढे मोजायचं, एवढीच त्याची सोय. एरवी दोन मिनिटांत तो इंटरनेटवरून खरी वेळ घेतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता त्याच्याकडे नावाने आहे. ते नाव शोधायला डीएनएस हवा. डीएनएस म्हणजे तो स्वतःच. स्वतः तर सही पटल्याशिवाय उत्तर देणार नाही, आणि सही पटायला बरोबर वेळ हवी. वेळ मिळवायला परत नाव.

डीएनएससेकच्या प्रत्येक सहीवर "या क्षणापासून या क्षणापर्यंत" अशी मुदत असते. मुळाशी, रूट झोनमध्ये, ही मुदत दोन आठवड्यांच्या आतबाहेरची, आणि सह्या सतत नव्या होत राहतात. अनबाउंड घड्याळाच्या चुकीला थोडी सवलत देतो, पण फार तर एक दिवसाची. आमचा पाय सहा दिवस मागे. चार तास लायट गेली असती तर हे कधी दिसलंच नसतं. याला चवथच लागते. गेल्या वर्षी दिसलं नाही कारण अनबाउंड मी डिसेंबरात बसवला.

हाताने तारीख घातली, सप्टेंबर १. एका सेकंदात सगळं घर जागं झालं, आणि मुलीचा फोन टिणटिण करत सुटला.

रात्री साडेनऊला आरती टीव्हीवर. बाबा म्हणाले, "पोरगा थोडा घाई करतो ताल धरताना." मग दुसऱ्यांदा लावायला सांगितलं.

मंगळवार, २ सप्टेंबर

तात्पुरता उपाय लगेच केला. पायला वेळेसाठी नाव नको, आकडा द्यायचा: १९२.१६८.१०.१, म्हणजे राउटर. राउटर स्वतःची वेळ कंपनीच्या डीएनएसवरून शोधतो, पायवर अवलंबून नाही. चक्र तिथे तुटतं.

सही तपासणं बंद करून टाक, असा सल्ला कारखान्यातल्या एका मित्राने दिला. चालेल, पण पटत नाही. सेन्सर ट्रिप देतो म्हणून सेन्सर बायपास करणाऱ्या ऑपरेटरला मी स्वतः ओरडतो.

शनिवार, ६ सप्टेंबर

कुरियरने घड्याळाचं मॉड्यूल आलं, डीएस३२३१. तापमान सांभाळून चालतं, वर्षाला मिनिटभराच्या आसपास चुकतं. पायच्या पिनांवर बसवायला पाच मिनिटं. एक गोष्ट बघून घ्या: या निळ्या बोर्डांवर बहुधा सेल चार्ज करायचा रोध असतो आणि तो रीचार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. दुकानातून साधा सीआर२०३२ आणून घातलात तर तो चार्ज करायचा नसतो. मी रोध सोल्डरिंगने काढला आणि मग साधा सेल घातला. पायच्या सेटिंगच्या फाइलीत मॉड्यूलची ओळ, आणि वेळ फाइलीतून घ्यायची जुनी सोय काढून टाकली. ती राहिली तर दोन घड्याळांचं भांडण.

कसोटी: राउटरची वायर काढून ठेवली, पाय तीन तास बंद. उठल्यावर तारीख आणि वेळ बरोबर. वायर लावली, अनबाउंडने पहिल्याच प्रश्नाला उत्तर दिलं.

टीव्हीच्या कडेचा जूनमधला कागद आज काढून टाकला. तो आकडा जुलैपासूनच चुकीचा होता, आणि नाव आता सगळीकडे लागतं.

रविवार, ७ सप्टेंबर

कागद परत टीव्हीवर आहे. बाबांच्या अक्षरात, निळ्या पेनने: १९२.१६८.१०.२०, खाली रेघ मारून ८०९६. ही वही काल टेबलावर उघडी राहिली होती.